चहातली चिमूट

बकुळाच्या नजरेला भिवंडीच्या निजामपुऱ्यात मान होता. तिच्या गल्लीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यांमधून निघालेलं कापड तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय टेम्पोत चढत नसे. तिरकं काचेचं टेबल, खाली पेटलेल्या ट्यूबलाइट, वरून सरकत चाललेला कापडाचा ताका आणि शेजारी उभी बकुळा. कुठे तार तुटलेली, कुठे गाठ राहिलेली, कुठे तेलाचा थेंब पडलेला. सापडलं की काठाला लाल दोऱ्याचा तुकडा अडकवायचा आणि पुढे जायचं. मुकादम म्हणायचा, "बकुळाबाई, ये नजर है के एक्स-रे?" ती हसत नसे. हसलं की एक दोष निसटतो, अशी तिची ठाम समजूत होती.

आता अशी नजर माणसानं चपलांसारखी दाराशी काढून ठेवावी आणि मग घरात शिरावं. बाकीच्या बाया तेच करत. घरी जाऊन टीव्ही लावत, नवऱ्यावर खेकसत आणि गाढ झोपत. बकुळा मात्र ती नजर तशीच घेऊन घरी यायची, आणि घरात तिला तपासायला एकच ताका होता. तिचा एकुलता एक मुलगा, सुगत.

सुगतला सत्ताविसावं लागलं होतं. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये तो शिफ्ट इनचार्ज होता. उंच, बोलायला गोड, आणि चहाचा एवढा भक्त की आईच्या हातचा आल्याचा चहा घेतल्याशिवाय ड्युटीला पाऊल टाकत नसे. त्याच गोडाऊनमध्ये परत आलेला माल तपासणाऱ्या, कशेळीच्या रियाशी त्याचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, विहारात तारीखही धरली होती. कुणीही म्हणावं, बाई गं, आता तरी चार घास सुखानं खा. पण सत्तावीस हा आकडाच बकुळाच्या घशात अडकून बसला होता. सुगतच्या बापाला, नागसेनला, जे झालं ते सत्ताविसाव्यातच झालं होतं.

नागसेन तेव्हा कापडाचा टेम्पो चालवायचा. गल्लीत शिरताना हॉर्नऐवजी गाणं म्हणणारा माणूस. एका वर्षी त्याचं गाणं थांबलं. मग तो कानोसा घ्यायला लागला, भिंतीला कान लावायला लागला. शेठची माणसं पाठीवर आहेत म्हणाला. आणि एका दुपारी ताट पुढे ढकलून म्हणाला, "या डाळीत कायतरी हाय. माझ्या जेवणात कुणीतरी कायतरी घालतंय."

बकुळाच्या मांडीवर तेव्हा काही महिन्यांचा सुगत होता. तिनं त्याच्या टाळूवर हात ठेवून शपथ घेतली, "काय न्हाय ओ, नुसती डाळ हाय." आणि खरोखरच ती नुसती डाळ होती.

पुढे टेम्पो गेला, झोप गेली, घरातली शांतता गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. नागसेन त्या थुंकून टाकायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, घेतच नसेल तर काही दिवस जेवणातून द्या. मग बकुळानं गोळी लाटण्याखाली दाबून तिची पूड करायला सुरुवात केली. डाळीत चिमूट, कालवणात चिमूट. दोन महिन्यांत नागसेन निवला. जेवणात काहीतरी आहे, असं म्हणायचंही त्यानं सोडलं. आणखी काही महिन्यांनी बकुळानं गोळी उघड त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्यानं ती मुकाट्यानं पाण्याबरोबर घेतली. डाळीतल्या चिमटीचं मात्र तिनं त्याला कधीच सांगितलं नाही. सांगून करायचं काय? बुडता संसार काठाला लागला होता.

काठाला लागला, पण भिजलेला. नागसेन आता ताठ चालायचा, चालताना हात हलायचे नाहीत. उजवा हात सारखा थरथरायचा. चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागायचा आणि उमटलं की लगेच विरायचं. तो विहाराची झाडलोट करायचा, पुस्तकं पुसायचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. ते चालणं, तो हात, तो चेहरा म्हणजे रोग जाताना मागे ठेवून गेलेल्या खुणा, असं बकुळा इतकी वर्षं धरून चालली होती. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

सासू जिवंत असताना एकदा भांडी घासता घासता बोलून गेली होती, "आमच्या घरान्यात पिढीला एक असतोच. माझी ननंद हौसा अशीच व्हती. दिवसभर खाडीशी बोलत बसायची." सासू गेली, पण तिचं ते बोलणं बकुळाच्या कानात मुक्कामाला राहिलं. हौसाआत्या, मग नागसेन, मग कोण? खाण तशी माती. त्या घराला तिसरी पिढी एकच होती, आणि ती पलंगावर पाय पसरून मोबाइल बघत होती.

बकुळाचा हिशेब तिच्या कामातून आला होता. आडवा दोरा चुकला तर दोष तेवढ्या जागेपुरता असतो. पण मागाच्या बीमवर गुंडाळलेला उभा ताणाच चुकला असेल तर ती रेघ ताक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते. मध्येच दिसेनाशी झाली तरी हात फिरवला की बोटाला लागते. रोग ताण्यातला आहे, हे तिनं ठरवून टाकलं होतं. आता रेघ कधी वर येते एवढंच बघायचं राहिलं होतं.

आणि बघायला बसलं की काय दिसत नाही? कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं.

एका संध्याकाळी ती कामावरून येत होती, तर गल्लीच्या तोंडाशी सुगत एकटाच उभा राहून हातवारे करत हसत होता. बकुळानं पाय उचलले. जवळ गेल्यावर कळलं, त्याच्या कानात फोनचं ते शेंगदाण्याएवढं बिनवायरचं बोंडूक होतं आणि पलीकडे रिया बोलत होती. कुणी दुसरी असती तर स्वतःच्या कपाळाला हात मारून हसली असती. बकुळा मनात म्हणाली, आज रिया हाय, उद्या कोण असंल?

मग एकदा जेवताना तो म्हणाला, "आमच्या नवीन मॅनेजरचा माझ्यावर डोळा हाय, आई. सगळीकडे कॅमेरे लावलेत. मी पाणी प्यायला गेलो तरी बघतो." आता गोडाऊनमध्ये कॅमेरे असतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण बकुळाच्या हातातला घास हातातच राहिला. शेठची माणसं पाठीवर आहेत, हे वाक्य तिनं याच घरात, याच भिंतीला टेकून ऐकलं होतं. त्यात सुगतच्या शिफ्ट बदलल्या. तो दिवसा झोपायला लागला, अपरात्री जागा दिसायला लागला, चिडायला लागला. शिफ्ट बदलली की घराघरात हेच होतं, भिवंडीत निम्मी माणसं अशीच जगतात. तिला मात्र प्रत्येक जागी लाल दोरा लावावासा वाटत होता.

कुणाला विचारायची सोय नव्हती. रियाच्या आईनं साखरपुड्याच्या आधी विचारलं होतं, "व्याह्यांचा हात का हलतो हो?" बकुळा पटकन बोलून गेली, "शुगर हाय त्यांना." त्या एका थापेची शिक्षा नागसेनला झाली. व्याह्यांकडे गेलं की सगळ्यांना बासुंदी आणि त्याला बिनसाखरेचा चहा. तो बिचारा कपाकडे बघायचा, बायकोकडे बघायचा आणि प्यायचा.

एका रविवारी विहारात पोलिओच्या डोसाची माणसं आली होती. धडधाकट, गुबगुबीत पोरांच्या तोंडात दोन दोन थेंब टाकत होती. बकुळा लांबून बघत राहिली. रोग झाला नाही तरी औषध देतात. होऊ नये म्हणूनच देतात. मग हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं वाटून तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. माणूस चुकीच्या रस्त्याला लागतो तेव्हाच त्याला असं हलकं वाटतं, हे तिला तेव्हा कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नागसेनच्या स्ट्रिपमधली एक गोळी काढली, अर्धी केली आणि लाटण्याखाली दाबली. हाताला सवय होतीच. चहात आलं जास्त घातलं, साखर जास्त घातली. सुगत फुर्र करून चहा प्यायला आणि म्हणाला, "आज फर्स्ट क्लास झालाय." बकुळानं कप विसळताना मनातल्या मनात हात जोडले.

पहिले काही दिवस तिला वाटलं, गुण आला. पोरगं शांत झोपायला लागलं. चिडायचं कमी झालं. मग त्याची झोपच संपेना. शिफ्टला उशीर व्हायला लागला. हसायला उशीर, उत्तर द्यायला उशीर. जिना उतरताना त्याचे हात अंगाला चिकटलेले राहायला लागले. आणि एका सकाळी कप उचलताना बशी वाजली. सुगतचा हात थरथरत होता.

बकुळानं ते पाहिलं. तेच चालणं. तोच हात. रेघ वर आली होती. आपण अर्धीच गोळी देत राहिलो, अर्ध्यानं काय थांबतंय, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ती पूर्ण गोळी दाबायला लागली. हात थरथरतो म्हणून गोळी, आणि गोळीनं हात आणखी थरथरतो म्हणून आणखी गोळी. वैरी चिंतणार नाही ते मन चिंततं म्हणतात. इथे तर ते आईचं मन होतं, आणि आईच्या हातात लाटणं होतं.

मेडिकलवाला म्हणाला, "नागसेनभाऊंच्या गोळ्या हल्ली लवकर संपतात." बकुळा म्हणाली, "एक पाकीट उंदरांनी नेलं." नागसेननं मात्र काही विचारलं नाही. एकदाच, रात्रीची गोळी घेताना, तो स्ट्रिपकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग त्यानं मान हलवली आणि पाणी प्यायला. शंका आली की ती आपली नाही, रोगाची आहे असं समजून गिळून टाकायची, हे तो इतक्या वर्षांत शिकला होता.

शंका रियालाही आली होती. ती एका सकाळी सरळ घरी आली. सुगत झोपला होता. तिनं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "काकी, खरं सांगा, सुगत काय नशा करतो का? आमच्याकडची काही पोरं नशेसाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पितात. काल त्याच्या हातातून स्कॅनर पडला. चेहरा बघितलात का त्याचा?"

"माझं पोरगं सुपारीपन खात न्हाय," बकुळा ताडकन म्हणाली.

"मग त्याला झालंय काय?"

"दमलाय. तुमच्या त्या शिफ्टांनी दमलाय."

रिया गेली तेव्हा जिन्यात थांबून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. ही पोरगी लग्न मोडायचं निमित्त शोधतेय, असं बकुळाला वाटलं. तिला त्या दिवसांत सगळ्यांबद्दल काही ना काही वाटत होतं. फक्त स्वतःबद्दल काही वाटत नव्हतं.

मग रियाच्या मामेभावाची हळद आली आणि सुगत चार दिवस कशेळीला राहिला. परत आला तो जरा मोकळा होऊन. चेहऱ्यावर रंग होता, बोलण्यात पूर्वीची चेष्टा होती. आल्या आल्या बकुळानं त्याला चहा दिला, नेहमीच्या चिमटीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळानं नेहमीसारखा चहा पुढे केला. सुगतनं तो घेतला नाही. कपाकडे बघत बसला. नागसेन समोर पाव मोडत होता.

"आई," सुगत म्हणाला, "चार दिवस मी बाहेर होतो, मला बरं वाटत होतं. काल घरी आलो, चहा प्यायलो आणि परत डोकं जड. मी नीट विचार केलाय. माझ्या चहात कुणीतरी कायतरी घालतंय."

नागसेनच्या हातातला पाव तसाच राहिला. त्यानं मान वर केली. "हे मीपण बोललो होतो," तो हळू म्हणाला. "अगदी असंच."

आता हे ऐकून एखादीला काय कळावं? की पोरगं शहाणं आहे, त्याला बरोबर सुगावा लागलाय, आणि चोर त्याच्यासमोर पदर खोचून उभा आहे. बकुळाला कळलं ते हे, की संपलं, रोग आला. बापाच्या तोंडचं वाक्य लेकाच्या तोंडात आलं. कप आपणच भरला होता, पूड आपणच टाकली होती, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ती भीतीनं इतकी भरली होती की त्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्याच नाहीत.

बापाला न्यायला उशीर केला होता. लेकाला उशीर करायचा नाही, असं तिनं ठरवलं. ठाण्याच्या दवाखान्यात आता जुने डॉक्टर नव्हते. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या. सुगत कुरकुरला, पण आला. त्याच्या हट्टावरून रियाही आली. नागसेन नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीत बसला.

बकुळानं सगळं सांगून टाकलं. रियासमोरच सांगितलं, लपवायचं बळ राहिलं नव्हतं. हौसाआत्या, नागसेन, सत्ताविसावं वर्ष, कॅमेरे, चहा. "ह्यांच्या रक्तातच हाय, बाई," ती म्हणाली. "आता ह्याच्यात उतरलंय."

रियानं नागसेनकडे पाहिलं. 

डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आई, रक्तातून कल येतो. रोग येतोच असं नाही. वडिलांना हा आजार असला, तर दहा मुलांमधल्या साधारण एकाला होतो. बाकीची नऊ आपापली लग्नं करतात, पोरं वाढवतात. ते दुकानातून सामान आणल्यासारखं पिशवीतून येत नाही." एवढं बोलून त्या उठल्या. सुगतचा हात हातात घेऊन त्यांनी तो कोपरात वाकवला, सरळ केला, परत वाकवला. हात अडखळत अडखळत हलत होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही थरथर, हा ताठरपणा रोगाचा नाही," त्या म्हणाल्या. "हा गोळ्यांनी येतो. वडिलांच्या हाताला आहे तोही गोळ्यांचाच आहे, त्यांचा डोस कमी करायला हवा. पण तुम्ही कुठलं औषध घेता, सुगत?"

"कुठलंच नाही, मॅडम. मी सांगतोय ना, चहात कुणीतरी घालतंय."

"आई, घरातल्या गोळ्या याच्या पोटात जाण्याची काही शक्यता?"

"न्हाय," बकुळा म्हणाली. शब्द तिच्या आधी तोंडाबाहेर पडला होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मला याला काही दिवस इथे ठेवून घ्यावं लागेल. घरात असा आजार आहे, आणि हा म्हणतो की खाण्यात कुणीतरी काहीतरी घालतंय. बघायला हवं."

बकुळाला बाकीचं ऐकूच आलं नाही. गोळ्यांनी येतो. नागसेनचं ते चालणं, तो हात, ते विरणारं हसू. इतकी वर्षं ज्याला ती रोगाची खूण समजली होती, ती खूण तिनंच रोज त्याच्या तळहातावर ठेवली होती. आणि सुगतच्या अंगात जी रेघ वर आली होती ती ताण्यातली नव्हतीच. ती रोज सकाळी, आडव्या दोऱ्यासारखी, ती स्वतः घालत होती. तिच्या त्या एक्स-रे नजरेला सगळं दिसलं होतं, फक्त स्वतःचे हात दिसले नव्हते.

सुगत खुर्चीत खचला होता. मघापर्यंत तो भांडत होता. आता त्याच्या डोळ्यांत बकुळानं एक गोष्ट पाहिली जी आजवर तिथे नव्हती. तो स्वतःवरच संशय घेत होता. त्यानं बापाच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"म्हणजे मी पप्पांसारखा?" तो म्हणाला. मग तो आईकडे वळला. "आई, तू सांग. तू बोलशील ते मी मानीन. माझ्या चहात काय नसतं ना? मला उगाच वाटतंय ना?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. तो मानणार होता. तिच्यावरचा विश्वास शाबूत राहिला असता. फक्त जन्मभर त्यानं आपल्या डोक्यात आलेली प्रत्येक शंका बापासारखी मान हलवून गिळली असती. बकुळाला ते गिळणं माहीत होतं. तिनं ते रोज रात्री समोर बसून पाहिलं होतं.

"तुला उगाच न्हाय वाटत," ती म्हणाली. "तू खरं बोलतोस. मी घालते. तुझ्या पप्पांची गोळी. तुला होऊ नये म्हणून."

सुगत हलला नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रियाच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते तिलाही कळलं नसावं. ती म्हणाली, "आणि शुगर? काकी, तीन महिने आम्ही काकांना बिनसाखरेचा चहा पाजला."

पण बकुळाचं लक्ष दाराकडे गेलं. नागसेन खुर्चीतून उठला होता. ताठ पावलं टाकत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं तिला कशाचा जाब विचारला नव्हता.

"माझ्या डाळीत?" त्यानं विचारलं. "तेव्हा?"

बकुळाला रडू फुटलं. पण आज सांगायचं ते पुरतं सांगायचं होतं. "तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा न्हवतं ओ. लेकराची शपथ, न्हवतं. मागनं घालायला लागले, आन् तुम्ही बोलायचं सोडलंत."

नागसेननं ते ऐकून घेतलं. ओठ हलवत मनाशी एकदा उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "कधीतरी सांगायचंस." एवढंच. आणि परत जाऊन आपल्या खुर्चीत बसला. त्यानं आरडाओरडा केला असता तर बकुळाला सोपं गेलं असतं.

गोळी आजपासून बंद, बाईंनी बजावलं. हात हळूहळू सुटेल, महिन्यानं दाखवायला या. तिशीच्या आसपासपर्यंत जरा जपा म्हणाल्या, झोप सांभाळा, गांजाबिंजाच्या वाटेला जाऊ नका. पुढे काही होणारच नाही अशी हमी त्यांनी दिली नाही, आणि होईलच असंही म्हणाल्या नाहीत. परतीच्या रिक्षात चौघं दाटीवाटीनं बसली होती. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली. रियाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, ती उतरून जाऊ शकली असती. उतरली नाही. सुगतनं सबंध वाटेत आईकडे एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर बकुळा सवयीनं ओट्याकडे वळली. नागसेननं तिला हातानं थांबवलं. त्यानंच चहा ठेवला. आलं ठेचलं, दूध घातलं, आणि साखर हात सैल सोडून घातली. थरथरत्या हातानं कप भरताना निम्मा चहा बशीत सांडला. चार कप जमिनीवर ठेवून तो खाली बसला आणि पहिला घोट घेताना त्यानं डोळे मिटले.

सुगतचा कप त्याच्यासमोर होता. चहाचा भक्त तो, पण हात पुढे जाईना. बकुळानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बघायचं टाळलं, फरशीकडे बघत राहिली. आपल्याला बघायचा हक्क उरला नाही असं तिला वाटत होतं.

मग तिला कपाच्या सरकण्याचा आवाज आला. सुगतनं आपला कप तिच्यासमोर ठेवला होता आणि तिचा कप आपल्याकडे ओढून घेतला होता. तो प्यायला नाही. तिच्या तोंडाकडे बघत थांबला. तिच्याच नजरेनं, कणही निसटू न देणाऱ्या.

बकुळानं दोन्ही हातांनी कप उचलला आणि ती तळापर्यंत चहा प्यायली. रिकामा कप तिनं त्याला दिसेल असा तिरका धरला. सुगतनं आत डोकावून पाहिलं, आणखी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग तो चहा प्यायला.